व्हीलचेअरचा फिका चौकोन

मित्रांनो, मी एक जुना चौकोन आहे. हसू नका! धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या दाराशी नाव नोंदवायचं मशीन आहे, त्याच्या पडद्यावर मी राहतो. माझ्यापुढे लिहिलंय, ‘व्हीलचेअर हवी’. बोट टेकवलं की माझ्यात खूण उमटते आणि वॉर्डबॉय खुर्ची घेऊन येतो.

मला पायलने घडवलं, रामदासपेठेतल्या ऑफिसात. नव्या रुग्णाची खुर्ची दारावरून यायची, जुन्याची वॉर्डातून. म्हणून आधी वर ‘नवीन’ की ‘जुना’ ते निवडायचं, मगच मी उजळायचो, तोवर फिका. पोर गुणाची. ‘आधी वर निवडा’ असं तिने माझ्याखाली एका ओळीत लिहूनही ठेवलं होतं. त्या ओळीच्या जिवावर मी खूप मिरवलो. म्हातारी माणसं खुर्चीत बसताना पडद्याला हात जोडायची, खरंच सांगतो.

मग पायलच्या ऑफिसात नवे सुशीलसाहेब आले. पडद्यावर फार गिचमिड दिसते म्हणाले आणि ओळ काढायला लावली. पायलने परोपरीने सांगून पाहिलं. पण साहेबापुढे कुणाचं चालतं?

एके दिवशी काटोलकडच्या प्रयागबाई नवऱ्याला घेऊन आल्या. रामाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, टाके ओलेच. बाईंनी थेट मलाच बोट लावलं. मी फिकाच. पुन्हा दाबून लावलं. अहो, आधी वर बघा ना! माझा जीव तळमळला, पण मला तोंड कुठे आहे? रामाजींनी विचारलं, काय झालं.

“काही नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “हे आपल्यासाठी नसन. चाला, माह्या खांद्याले धरा.”

कुणाला विचारलंसुद्धा नाही त्यांनी. पुढे लांबलचक व्हरांड्यात रामाजींचा पाय घसरला, टाके उसवले. गुडघा पुन्हा उघडावा लागला.

पायलला कळलं तेव्हा ती रडली. ओळ तिने परत लिहिली, ठळक अक्षरांत.

परवा प्रयागबाई पुन्हा आल्या, रामाजी काठीवर. त्यांच्यामागून एक बाई आजारी सासूला धरून माझ्याकडेच येत होती. प्रयागबाईंनी तिचा हात धरला.

“त्याले हात नको लावू वं. ते आपल्यासारख्यायले नाही म्हणते.”

ती बाई माझ्याखालची ओळ न वाचताच सासूला घेऊन तशीच आत गेली. फार वाईट वाटलं मला.

मित्रांनो, उद्या तुम्ही असलं काही घडवाल, तर बंद चौकोनाशेजारी तो कसा उघडतो तेही लिहा. नाहीतर माणसं भांडत नाहीत. दुखऱ्या पायानं निमूट चालू लागतात.