मिठाच्या पाण्यातले आठ तास

मी बोलतोय तो मेणाच्या एका वडीतून. नखाएवढा मांसाचा तुकडा आहे मी. अमरावतीला राजापेठेतल्या एका प्रयोगशाळेच्या कप्प्यात पडून असतो. माझ्यामुळे एका बाईच्या कागदावर खोटं लिहिलं गेलं. दोष माझा नव्हता, म्हणूनच राग जात नाही.

माझा जन्म शेंदूरजनाघाटच्या शकुनच्या अंगात झाला. शकुन रोपवाटिकेत संत्र्याची कलमं बांधते. तिच्या डाव्या स्तनातल्या गाठीच्या अगदी मधोमध मी होतो. मी कॅन्सर होतो, ते लपवत नाही. पण एकदा बाहेर काढल्यावर माझं एकच काम उरलं होतं, मी कसला आहे आणि कोणत्या औषधाला दबेन ते खरं सांगायचं. तेवढंही मला करू दिलं नाही.

तालुक्याच्या एका लहान दवाखान्यात सकाळी दहाला ऑपरेशन झालं. अंगातून निघालेलं मांस लगेच फॉर्मालिनमध्ये बुडवावं लागतं, नाहीतर ते आतून नासत जातं. फॉर्मालिनचा कॅन कपाटात होता आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाच्या खिशात. मग अख्खी गाठ, न चिरता, सलाइनमध्ये टाकली. सलाइन म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, त्यात मे महिना. कुलूप तोडायचं कोणाच्या मनात आलं नाही. दुकानातून दुसरा कॅन मागवावा, असंही कोणाला वाटलं नाही.

संध्याकाळी सहाला किल्ली आली. तेव्हा अरुंद तोंडाच्या बाटलीत गाठ कोंबली आणि वरून थोडं फॉर्मालिन ओतलं. ते कडेला लागलं, माझ्यापर्यंत आलंच नाही. तोवर माझी ओळख पटवणारं जे काही होतं ते विरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शकुनचा नवरा देवमन ती बाटली घेऊन एसटीने अमरावतीला आला. खड्ड्यांत सांडू नये म्हणून सगळी वाट त्याने ती दोन्ही हातांनी धरली होती. या सगळ्यात आपलं काम चोख केलं ते त्या माणसाने.

प्रयोगशाळेत मला मेणात बसवलं, माझे पातळ काप काचेवर लावले. कॅन्सर आहे हे साध्या रंगातच दिसलं. मग झाली इम्युनोस्टेनची तपासणी. पेशींवर तपकिरी रंग चढला, तर हार्मोनची गोळी लागू पडते. माझ्यावर रंग चढला नाही. तिथल्या डॉ. रागिणींनी घाईच्या दिवशी 'निगेटिव्ह' लिहून सही केली. गोळीचा उपयोग नाही, असं शकुनला सांगण्यात आलं. तीन आठवडे ती हे मनात घेऊन कामावर जात राहिली.

मग एका दुपारी स्लाइड लावून ठेवताना तंत्रज्ञ निखतने मला पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि तशीच उठून डॉक्टरांकडे गेली.

“मॅडम, बाजूच्या चांगल्या, दुधाच्या नळ्या बी कोऱ्याच आहेत. त्यायनं तं रंग घ्यायलाच पाहिजे होता.”

डॉ. रागिणींनी स्लाइड स्वतः तपासली. निरोगी नळ्याही कोऱ्या म्हणजे तुकडाच बिघडलेला, आणि सही त्यांची स्वतःची. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. तिकडून उत्तर आलं की गाठ संध्याकाळपर्यंत सलाइनमध्येच होती, आमच्याकडे असंच चालतं, आजवर कोणी तक्रार केली नाही. तक्रार कोण करणार? मी?

त्यांनी शकुन आणि देवमनला बोलावून घेतलं. “रिपोर्ट चुकीचा गेला, सही माझी होती,” असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग गाठ दिवसभर कशी पडून होती तेही सांगितलं. शकुन रडली नाही.

“कलमासाठी संत्र्याचा डोळा काढला का आमी त्याले लगेच ओल्या फडक्यात ठेवतो, नाई तं तो मरते,” ती म्हणाली. “माह्या गाठीले दिवसभर तसंच कावून ठेवलं?”



तिच्या काखेतही एक लहान गाठ होती. तिथून सुईने नवा नमुना घेतला. निखत फॉर्मालिनची उघडी बाटली हातात धरून शेजारी उभी राहिली आणि नमुना पडताच तिने लेबलवर वेळ लिहिली. या वेळी दहातल्या नऊ पेशी तपकिरी झाल्या. केमो शकुनला घ्यावीच लागली, पण त्यानंतर गोळी सुरू झाली. रोज एक. ती परत कलमं बांधते आहे, असं देवमन सांगून गेला.

माझ्या वडीवर आता 'तपासणीस अयोग्य' अशी चिठ्ठी आहे. असू दे. तुमच्या घरातल्या कोणाची गाठ काढली, तर ती कशात ठेवली आणि किती वाजता, हे विचारा. डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प बसू नका. माझं सांगणं एवढंच.

मागच्या आठवड्यात त्याच दवाखान्यातून एक बाटली आली. अरुंद तोंडाची, आत अख्खी गाठ. चिठ्ठीवर नाव आहे करिश्मा, वय एकतीस. वेळेची जागा कोरी आहे.