गाईसाठी लॉगिन

अखेर मला नोकरीत कायम केलं. हे वाक्य तुम्ही अजून वाचलेलं नाही, असं समजा. अजून दुपार आहे, माझं प्रोबेशन आज संपतंय आणि मद्दूरचे गुरांचे डॉक्टर पुट्टस्वामी खाली गाडीला जागा शोधतायत.

त्यांना त्यांनी मागवलेल्या ॲपच्या पडद्यांचा कच्चा आराखडा दाखवायचाय. आमच्या जयनगरच्या ऑफिसात तो एआय काढतो. माणसांनी फक्त त्याला नीट सांगायचं. मी नीटच सांगितलं होतं : 'आजारी गाईसाठी डॉक्टर बोलावण्याचं ॲप. एका पडद्यावर एकच काम. उन्हात दिसतील अशी अक्षरं. वाचता न येणाऱ्यालाही जमेल असं.'

त्याने काढलं. पहिल्याच पडद्यावर 'स्वागत आहे', त्याखाली 'आपल्याला शिंगं किती?' आणि खुराएवढं बटण.

"तेजस्वी," आमच्या प्रमुख सौजन्या मॅडम म्हणाल्या, "हे वापरणार कोण?"

"शेतकरी, मॅडम."

"मग 'आज दूध देताना कसं वाटलं?' हे कुणाला विचारलंय?"

वापरणारा कोण, तेवढंच लिहायचं राहिलं होतं. मी घाईघाईने लिहिलं, 'गाईला मालकही असतो, त्याला विसरू नकोस.' नवा आराखडा आला. मालक 'तातडीच्या वेळी संपर्क' या रकान्यात जाऊन बसला होता.

"अरे मगा, गायच काढून टाक ना," शेजारचा दर्शन कुजबुजला.

मी लिहिलं, 'गाय नको.'

ॲप म्हशीचं झालं.

तेवढ्यात डॉक्टर आलेच. कॉफीचा लोटा हातात घेऊन एकेक पडदा बघत राहिले. मी टेबलाखाली पायाची बोटं आवळून धरली.

"हे कुणी केलं?"

"मी, सर." आवाज माझा नव्हता, पण तोंड माझंच होतं.

"एवढी वर्षं गोठ्यात जातोय. बोलतो तो मालक. त्याची कंबर, त्याचा जावई, त्याची ग्रामपंचायत. जनावराला आजवर कुणी विचारलंय काय रे? हेच हवं मला. फक्त गाय परत आणा. म्हशी माझ्याशी नीट वागत नाहीत."

माझा जीव भांड्यात पडला. मॅडमनी तो लगेच बाहेर काढला.

"आमचा एक नियम आहे, सर. खऱ्या पाच वापरणाऱ्यांनी इथे, आमच्यासमोर हाताळल्याशिवाय आराखडा पास होत नाही." मग माझ्याकडे वळून, "तुझं कायम होणं त्यावर. मंगळवारपर्यंत मुदत देते."

"मॅडम, पण वापरणाऱ्या तर..."

"पाच," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा इमारतीच्या व्यवस्थापकांना मी लगेच अर्ज धाडला :

'महोदय, मंगळवारी सकाळी आमच्याकडे मद्दूरहून पाच गाई कामानिमित्त येत आहेत. तरी त्यांना तिसऱ्या मजल्यावर येण्यासाठी सामानाची लिफ्ट द्यावी, प्रत्येकीस पाहुण्यांचा पास द्यावा, आणि प्रवेशद्वारावर सही करण्याची अट त्यांच्यापुरती शिथिल करावी, ही नम्र विनंती.'