पट्ट्यावरून सुटलेलं नाणं

तपासणीबाईंनी टांकसाळीत एकतीस वर्षं एकच काम केलं. सरकत्या पट्ट्यावरून नवी नाणी यायची, त्यांतलं बिघडलेलं उचलून भंगाराच्या डब्यात टाकायचं. "माझ्या टेबलावरून एकही वाकडं नाणं बाहेर गेलं नाही," असं त्या कुणी न विचारताही सांगत.

निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, नाहीतर गुडघे. बाईंनी नाणी जमवायला घेतली. तीही फक्त आपल्या टांकसाळीची, सालाखाली बारीक तारा असलेली. डबीतून मिळणारी शोभेची नाणी त्यांना नको असत. रोजच्या व्यवहारातली, हजार खिशांतून फिरून आलेलीच हवीत. दर शनिवारी किराणावाल्याकडून चिल्लर आणायची, एकेका नाण्याला भिंग लावायचं, प्रत्येक सालाचं एक वहीच्या कप्प्यात ठेवायचं आणि बाकीची परत करायची. लोक म्हणत, छान छंद आहे. छंद कसला, जित्याची खोड! बाई आपलंच काम पुन्हा तपासत होत्या.

घरात दुसरं माणूस म्हणजे थोरली नणंद. दोन वर्षांपूर्वी राहायला आली ती एक जुनी अढी घेऊनच. भाऊ गेला आणि पाचव्या दिवशी ही बया कामावर हजर, डोळ्यांत टिपूस नाही! भांडण दुधावरून सुरू होवो की दिव्यावरून, गाडी तिथंच येऊन थांबायची.

"नाण्यांत राहून नाण्यासारखीच झालीस," नणंद म्हणायची. "कडक नि गार."

बाई भिंग पुसत राहत. चारचौघांत रडणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. पण ते शब्द लागायचे, चांगलेच लागायचे.

त्या शनिवारी दुपारी भिंगाखाली एक मोठं नाणं आलं. तारा होता, पण छाप चक्क एका बाजूला घसरलेली, दुसऱ्या बाजूला नुसता कोरा धातू. भिंगाची गरजच नव्हती. बाईंनी साल वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. त्या साली हे नाणं महिनाभरच पाडलं होतं. नवरा गेल्यावर बाई कामावर परतल्या, त्याच दिवशी ते काम सुरू झालं होतं आणि टेबलावर त्या एकट्याच होत्या.

एकतीस वर्षांची शेखी एका नाण्यानं उतरवली. कुणी बघायच्या आत कचऱ्यात टाकावं म्हणून त्यांनी मूठ मिटली.

"काय लपवतेस गं?" नणंद समोरच बसून शेंगा सोलत होती.

"काही नाही, वन्सं."

"दाखव."

नणंदेपुढं कुणाचं चाललंय? तिनं नाणं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "हे तुझ्या हातून सुटलं?"

"माझ्याच."

"एवढं वाकडं? तुला दिसलं नाही?"

"नाही दिसलं." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "महिनाभर डोळे सारखे भरून येत होते. पट्टा थांबत नाही ना. पुसायला हात मोकळा नव्हता."

नणंदेनं साल पाहिलं. भावाच्या जाण्याचं साल तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं त्या सालावरून हळूच बोट फिरवलं.

"टाकून देते ते," बाई म्हणाल्या.

"खबरदार!"

नणंदेनं वही ओढली आणि ते साल शोधलं. कप्प्यात आधीपासून एक बिनचूक नाणं होतं. ते काढून तिनं दुकानात परत जायच्या चिल्लरीत टाकलं, आणि वाकडं नाणं कप्प्यात सरकवून वरून अंगठ्यानं दाबलं. मग शेंगांचं ताट बाजूला सारून तिनं खुर्ची बाईंच्या शेजारी आणली.

"महिनाभर बसली होतीस ना त्या टेबलावर? मग एवढं एकच कसं सुटेल?" ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "आण ते भिंग इकडं. आणखी असतील."