हिबारीचं मागचं दार

छापायला निघालेल्या कंपनीच्या सत्तर वर्षांच्या इतिहासात कुराहाशीला अख्खं पान मिळालं होतं. वर फोटो आणि खाली ओळ: ‘हिबारीच्या मागच्या दाराचे जनक, कुराहाशी इसाओ.’ माझं नाव होतं ते पुस्तकाच्या अगदी शेवटी, मुंग्यांसारख्या बारीक अक्षरांत, ‘यांचे साहाय्य झाले’ या यादीत. वर छायाचित्रकार, खाली गोदामाचा पहारेकरी, मध्ये मी. तोकुशिगे मिनोरु.

आणि ते दार माझं होतं.

तीस वर्षं हे मी बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. तिला मात्र इतक्यांदा सांगितलं होतं, की मी ‘बंदरावर एकदा...’ एवढं म्हटलं की ती चहाचं पाणी ठेवायला उठायची.

आमची निशिउरा मोटर सुरू झाली ती होड्यांतलं पाणी उपसायचे पंप बनवत. युद्धानंतर तिने तीनचाकी टेम्पो काढले. वळणावर निशिउरा आडवी होते आणि मालक तिच्या शेजारी उभा राहून रस्त्याची माफी मागतो, अशी त्यांची गावभर चेष्टा चालायची. मग एकोणीसशे सहासष्ट साली आली हिबारी. हिबारी म्हणजे चंडोल. छोटी, गोल डोळ्यांची चारचाकी. तिचा आराखडा चालला होता तेव्हा कुराहाशी आणि मी एकाच टेबलावर बसायचो. एकाच वर्षी नोकरीला लागलेलो, आडनावांवरूनच एकमेकांना अरेतुरे करणारे.

एकदा दुपारी डबा खाताना मी बंदरावर पाहिलेलं त्याला सांगितलं. कोळणीच्या दोन्ही हातांत बांगडा मासळीच्या पाट्या. गाडीचं मागचं दार वर उचलायला हात कुठून आणणार? बिचारी पाट्या चिखलात ठेवते, दार उचलते, पाट्या पुन्हा उचलते. “दार कपाटासारखं बाजूला उघडलं तर?” मी म्हटलं. “आणि कडी कमरेच्या उंचीवर. कमरेने दाबली की स्प्रिंगने दार आपोआप उघडेल.” कुराहाशी हसला. डब्याच्या वेष्टणाच्या कागदावर त्याने पेन्सिलीने चार रेघा मारल्या आणि भात खाऊन झाल्यावर कागद घडी करून खिशात ठेवला. चार महिन्यांनी अध्यक्षांनी त्या दारासाठी त्याच्या गळ्यात सन्मानाची फीत घातली. मी तिसऱ्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, कारण थांबलो असतो तर चेहऱ्याकडे लक्ष गेलं असतं.

दोन वर्षांनी माझी बदली पत्रकक्षात झाली. प्रत्येक नव्या गाडीच्या खणात आम्ही एक कार्ड ठेवत असू. वर्षभर गाडी वापरून झाल्यावर मालकाने मत लिहून पाठवायचं. ती कार्डं वाचायची आणि ज्या अभियंत्याचा भाग असेल त्याच्याकडे पाठवायची, हे माझं काम. आमची माणसं तक्रारसुद्धा पाहुण्यासारखी दारात वाकून करतात. एकाने लिहिलं होतं: ‘गाडी फार उत्तम आहे. इंजिन शांत, पेट्रोल बेताचं. फक्त मागे भिंत असल्यास दार उघडत नाही, आणि आमच्याकडे मागे भिंत आहे.’ ओसाकाच्या एका शिंप्याने कळवलं: ‘काल दार अचानक उघडून माझ्या सासऱ्यांच्या कपाळाला लागलं. ते बरे आहेत. मी अजून त्यांच्यासमोर गेलेलो नाही.’

अशी कार्डं मी लाल रेघ मारून त्याच दिवशी कुराहाशीकडे धाडायचो. आणि दुसरीही यायची, तेवढीच यायची, बंदरांवरून, भाजीबाजारांतून, दुधाच्या गोठ्यांवरून. इवासे हारु नावाच्या कोळणीने लिहिलं होतं: ‘माझे दोन्ही हात भरलेले असताना ही गाडी मला दार उघडून देते. नवऱ्याने जन्मात दिलं नाही.’ त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, असं स्वतःला सांगून ती कार्डं मी खणात ठेवायचो. खण भरला की पुठ्ठ्याच्या खोक्यात.

एकोणऐंशी साली नवी हिबारी आली. तिचं मागचं दार वर उचलायचं होतं. त्या दिवशी मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, थोडी गुदगुल्यांसारखी मजा वाटली. कुराहाशीचं दार गेलं!

तर आता इतिहासाच्या पुस्तकासाठी मला निवृत्तीनंतर पुन्हा बोलावलं होतं. काम एवढंच, की कुराहाशीच्या फोटोसमोरच्या पानावर छापायला मालकांची बारा पत्रं निवडायची. संपादन विभागाच्या प्रमुख आसानुमाबाई म्हणाल्या, “तोकुशिगेसान, गोडगोड नकोत हं. लोकांना खरं वाटलं पाहिजे.”

मी बाराच्या बारा खरी निवडली. भिंत, सासरे, पावसात दारातून सीटवर ओघळणारं पाणी, चढावर अडकलेली कडी. निवडताना मला कामाला लागल्यापासून इतका उत्साह कधी आला नव्हता.

बायको, सुमिये, लसूण सोलत होती. मी तिला बारा पत्रं वाचून दाखवली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “अहो, एक विचारू? दार तुमचं की त्यांचं?”

“माझं! कितीदा सांगू?”

“मग ह्या शिव्या कुणाला?”

“त्याला.”

“बरं.” तिने पाकळी वाटीत टाकली. “म्हणजे कौतुक असेल तेव्हा दार तुमचं, आणि सासऱ्याला लागलं की कुराहाशींचं. एकदा काय ते ठरवा, म्हणजे मलाही कुठे हो म्हणायचं ते कळेल.”

मी चिडून बाहेर पडलो. पान दुसऱ्या दिवशी दिलं. आमच्याकडे असं पान छापायला जाण्याआधी खोलीखोलीतून फिरतं आणि प्रत्येक जण त्यावर आपला लाल शिक्का उमटवतो. नऊ शिक्के लागायचे. नववा कुराहाशीचा, कारण पान त्याचं, आणि तो अजून कंपनीचा सल्लागार.

मी वाट पाहत राहिलो. तो भडकेल, आसानुमाबाईंकडे धावेल, लोक विचारतील, आणि मग सगळं बाहेर येईल. आठवडा गेला. काहीच आलं नाही.

नोव्हेंबरात आमच्या बौद्ध पंथाच्या गुरूंची पुण्यतिथी असते. यंदा देवळात कोजुन गुरुजी आले होते. जुन्या पद्धतीने गाऊन प्रवचन करणारे आता थोडेच उरलेत. साधं बोलता बोलता ते कधी सूर धरतात ते कळत नाही. पाण्यात पाऊल टाकावं, आणि खाली तळच नसावा, तसं होतं. मी लहानपणापासून त्या सुरांवर जीव लावून आहे. दोन रांगा पुढे कुराहाशी बसला होता. सरळ पाठ, पांढरे केस, मांडीवर जांभळ्या कापडात बांधलेलं काहीतरी.

गुरुजी दोन भक्तांची गोष्ट सांगत होते. दोघंही बुद्धापुढे दिवा लावून बसले. त्यातला एक मात्र सारखा मान वळवून शेजारच्याच्या दिव्यात तेल किती उरलं ते बघत राहिला. “तेल सरतंय का त्याचं, सरतंय का?” गुरुजींनी सूर चढवला. “आणि अमिताभ बुद्ध बघतोय कुणाकडे? ज्याची मान वळलीये त्याच्याकडे! बाळा, म्हणतो, तुझ्यासाठीच तर मी तारण्याचा संकल्प केला होता रे!”

सगळी ओसरी एका आवाजात बुद्धाचं नाम घेत ‘नामान्दाबु, नामान्दाबु’ म्हणाली. माझ्या मनात पहिलं काय आलं? हे कुराहाशीने ऐकायला हवं. म्हणून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे खांदे हलत होते. तो रुमालाने डोळे पुसत नाम घेत होता, आणि गुरुजीही त्याच्याकडेच पाहून गात होते. माझे डोळे कोरडे ठणठणीत. पन्नास वर्षं प्रवचनं मी ऐकतोय, आणि रडू ह्याला येतंय! फीत त्याला, पान त्याला, आता अश्रूही त्यालाच.

प्रवचनानंतर देवळात जेवण असतं. बायकांनी रांधलेल्या अळकुड्या, मुळा आणि टोफू, सोबत आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचं कालवण. कुराहाशी आपलं ताट घेऊन सरळ माझ्यापुढे येऊन बसला.

“तोकुशिगे, मुळा खाणार नसशील तर इकडे दे.”

“खाणार आहे.”

“तुला पहिल्यापासून आवडत नाही.”

“आता आवडतो,” म्हणत मी एक फोड गिळली. तो हसला. मग त्याने जांभळं कापड सोडलं. आत आमचं पान होतं, समोरच्या फोटोच्या पानासकट. आठ शिक्के, नववी चौकट रिकामी.

“पत्रं मस्त निवडलीस,” तो म्हणाला. “सासरे तर मला पाठ आहेत. चढावरची कडीसुद्धा.”

“पाठ?”

“अरे, तूच पाठवायचास ना? लाल रेघ मारून. दर सोमवारी टेबलावर गठ्ठा. बैठकीत वाचून दाखवायचे माझ्यासमोर. दहा वर्षं. शेवटी मीच म्हटलं, काढून टाका हे दार. लोकांना एवढा त्रास होतोय तर काय करायचंय?”

अळकुडी माझ्या चॉपस्टिक्समधून निसटून कालवणात पडली.

“तूच काढायला लावलंस?”

“मग कोण?” त्याने आवाज खाली केला. “तोकुशिगे, एक सांगू? ती फीत घातली ना, त्या दिवशी तुझं नाव घ्यायचं मनात होतं. फोटोवाला म्हणाला उभे राहा, उभा राहिलो. मग म्हटलं उद्या सांगू. मग परवा. अशी दोन वर्षं मी निर्लज्जपणे काढली, ते माझं पाप. पण नंतर पत्रं यायला लागली. तेव्हा वाटलं, आता कशाला? असल्या शिव्याखाऊ दाराला तुझं नाव कशाला चिकटवू? राहू दे माझ्याच गळ्यात.” त्याने पानावर बोट ठेवलं. “पण हे पुस्तक राहणार. म्हणून इथे लिहून आणलंय. बघ.”

फोटोखालच्या छापील ओळीपुढे त्याच्या जुन्या, आराखड्यांवरच्या चौकोनी अक्षरांत लिहिलं होतं: ‘कल्पना: तोकुशिगे मिनोरु.’

तीस वर्षं मी ही ओळ मनातल्या मनात वाचली होती. ती आता माझ्यासमोर होती, आणि तिच्यासमोरच्या पानावर मीच वेचून लावलेल्या बारा शिव्या.

“तुला चालणार असेल तर मी शिक्का मारतो,” तो म्हणाला. “एकही चांगलं पत्र नव्हतं का रे कधी?”

त्याने ते इतक्या सहज विचारलं, की खोटं बोलायला माझ्याजवळ वेळच उरला नाही.

“होती,” मी म्हटलं. “खोकी भरून. तुला पाठवली नाहीत.”

त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. शेजारी वाढणारी बाई भात विचारून गेली, दोघांनीही मान हलवली नाही. मग त्याने विचारलं, “किती खोकी?”

“सात.”

“सात!” त्याचा चेहरा असा काही झाला, की मला वाटलं आता तो ताट उचलून माझ्या डोक्यावर घालेल, आणि मी सरळ बसलो, बसावं तसाच. पण त्याने कापडाची घडी केली, पुन्हा उलगडली. “कोळणींची होती त्यात?”

“होती.”

“हरामखोरा,” तो म्हणाला. आणि त्याच्या डोळ्यांना पुन्हा पाणी आलं. माझे, सांगायला लाज वाटते, तेव्हाही कोरडेच होते. पण ताटातला मुळा मी त्याच्याकडे सरकवला.

पत्रं बदलायची म्हणजे पान नव्याने जुळवायचं आणि आठ खोल्यांत पुन्हा फिरवायचं. ज्यांनी शिक्के मारले त्या प्रत्येकापुढे जाऊन, वाकून, पहिलं पान का चुकलं ते सांगायचं. आमच्याकडे ही शिक्षा लहान नाही. सोमवारी मी सहा शिव्या काढून सहा आशीर्वाद घातले आणि निघालो. कंपनीच्या फाटकात कुराहाशी उभा.

“तू कशाला?”

“एकट्याने आठदा वाकलास तर तुझी कंबर धरेल. सुमियेवहिनी मला बोलतील.”

पहिल्या खोलीत आम्ही दोघं वाकलो. हिशेबनीस ताडकन उठले. “अहो सल्लागारसाहेब! आपण कशाला तसदी घेतलीत? बसा, बसा. चहा सांगतो!” माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. दुसऱ्या खोलीत म्हणाले, “कुराहाशीसान, एवढा मोठेपणा आजकाल बघायला मिळत नाही.” तिसऱ्या खोलीत त्याच्या गुडघ्याची विचारपूस झाली. चौथ्या खोलीत एका तरुण मुलीने त्याला खुर्ची दिली आणि मला दाराशी थोडं सरकायला सांगितलं.

मी चूक मान्य करायला आलो होतो, आणि तीसुद्धा त्याचीच होत चालली होती! जुनाच हेवा पुन्हा पेटला. हेही खरं सांगतो, कारण न सांगून काय मिळवलं ते एव्हाना मला कळलं होतं.

पाचवी खोली आसानुमाबाईंची. दारापाशी मी थांबलो.

“कुराहाशी, तू इथे बाहेर बस.”

“का रे?”

“हे वाकणं माझं आहे. ह्यात वाटा नको.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खो खो हसत बाकावर बसला आणि गुडघा चोळायला लागला. “जा. पण पूर्ण वाक हं, मी काचेतून बघतोय.”

मी आत गेलो. आसानुमाबाईंनी चष्मा वर केला. मी इतका वाकलो की जमिनीवरच्या फरशा मोजता आल्या असत्या.

“बाई,” मी म्हटलं, “हे दार माझं आहे. आणि त्याला गाडीवरून काढून टाकलं, तेही मीच.”