सिल्वेस्ट्रिस

पिंजऱ्यावरच्या पाटीवर एकच शब्द होता: सिल्वेस्ट्रिस. रानमांजराचं ते अनाथ पिल्लू वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात आलं त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "लॅटिन आहे. म्हणजे रानातलं. हिला नाव ठेवायचं नाही, मावशी. कुरवाळायचं तर नाहीच."

सांभाळणाऱ्या मावशींनी मान डोलावली आणि बाईंची पाठ वळताच पिल्लाला कुशीत घेतलं. मांजर म्हणजे वाघाची मावशी. आमच्या या मावशी मांजराची आई होऊन बसल्या. डबा वाजवून दूध पाजायच्या, बाळ म्हणून हाक मारायच्या.

मग बाळाला रानात सोडायची वेळ आली. सोडण्याआधी परीक्षा असायची. पिंजऱ्यात माणूस शिरायचा. जनावर पळालं तर पास. स्वयंपाकी शिरला, ती फिस्कारून कोपऱ्यात. रखवालदार शिरला, तेच. मावशी शिरल्या, तर शेपटी उभारून त्यांच्या पायाला अंग घासू लागली.

"मागच्या बोक्याचं आठवतंय ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

न आठवायला काय झालं? रानात सोडलेला तो बोका दुधाच्या आशेनं कुणाच्या तरी पायरीवर जाऊन बसला होता. घरमालकानं डोक्यात फावडं घातलं.

"भीती नसेल तर हिला जन्मभर पिंजरा. सवय तुम्ही लावलीत, आता तुम्हीच मोडा."

मावशींनी डबा बडवला. ती दूध मिळेल म्हणून धावत आली. ओरडून पाहिलं, तिला खेळ वाटला. शेवटी डोळे मिटून त्यांनी खराटा तिच्याजवळ आपटला. डोळे उघडले तेव्हा मनगटावर रक्त होतं आणि ती कान पाडून गुरगुरत होती.

"पास," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रानाच्या कडेला पेटी उघडली. ती झाडीपर्यंत धावली आणि थांबली. मागे वळून मावशींकडे पाहिलं. एक पाऊल परत टाकलं.

ओठांवर आलेलं "ये बाळा" गिळून मावशींनी दगड उचलला. आयुष्यात कधी कुत्र्यालाही मारला नव्हता. फेकलेला दगड तिच्या पंजाशी आदळला. दुसरा त्याहून जवळ.

झाडी हलली आणि मग शांत झाली.

"गेली. चला आता," बाई म्हणाल्या.

मावशींच्या मुठीत तिसरा दगड होता. "परत आली तर?"

तेव्हा हात उठेल की नाही, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. दगड घट्ट धरून त्या तिथेच उभ्या राहिल्या.