मुळांना आलेले मणी

रोपवाटिकेच्या फाटकाशी मुंगी शिरायला जागा नव्हती. टोमॅटोच्या रोपांच्या मुळांना मणी आले होते, आणि धरणीने जपमाळ ओवली, असं गावात आलेले एक बुवा डोळे मिटून सांगत होते. रोपं का माना टाकतात? त्यांचा जीव मण्यांत उतरतोय म्हणून. मूठभर माती आपल्या शेतात टाका, पीक मावणार नाही. लोक पिशव्या, डबे, टोपल्या भरून माती नेत होते.

रोपवाटिका थोरल्या भावाची. शाळेत विज्ञान शिकवणारी त्याची बहीण गर्दीत अवघडून उभी होती. रोपं सुकू लागल्यापासून दादाने हाय खाल्ली होती. आज कुठे त्याचा चेहरा फुलला होता. त्यावर पाणी ओतायचं तिच्या जिवावर आलं. तरी तिने एक रोप पिशवीत घातलं आणि तडक शाळा गाठली.

तिथे तिने एक मणी कापून भिंगाखाली धरला. आत पांढऱ्या, नासपतीसारख्या फुगीर, टाचणीच्या टोकाएवढ्या अळ्यांसारखं काही चिकटलेलं होतं.

परत येऊन तिने दादाच्या हातात भिंग दिलं.

"हे सूत्रकृमी, दादा. झाड ज्या संप्रेरकाने वाढतं, तसलंच हे स्वतः बनवून मुळात सोडतात. झाडाला वाटतं, हुकूम आपलाच आहे. मग ते आपल्याच अंगात गाठ बांधतं आणि यांना पोसत बसतं."

"आणि माती?"

"मातीत यांची पिल्लं आहेत."

दादाने भिंग खाली ठेवलं आणि फाटकाकडे पाहिलं. ज्यांना त्याने वर्षानुवर्षं रोपं दिली, त्यांच्याच शेतात त्याचा रोग चालला होता.

श्रद्धा नसेल त्याला किडेच दिसायचे, असं बुवा म्हणाले आणि हार सावरत मागच्या दाराने सटकले. दादा मात्र फाटकात जाऊन उभा राहिला आणि माती रोगट आहे, नेऊ नका, असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

"मी सकाळीच सगळ्या शेतात पसरली," पुन्हा डबा भरायला आलेली एक म्हातारी म्हणाली. "आता वेचून कशी काढू?"

बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त संताप.

"किडा झाडाला झाडाच्याच बोलीत फसवतो, आणि बुवा तुम्हाला तुमच्याच आशेने," ती म्हणाली. "झाडाला विचार करता येत नाही. तुम्हाला येतो. पुढच्या वेळी हात पसरण्याआधी मणी कापून बघा."

म्हातारी रिकामा डबा घेऊन तिथेच उभी राहिली.