लाल टाचणीचं गाव

टाचणीला नुसतं टोक असतं, तोंड नसतं, असं वाटत असेल तर तो समज सोडा. मी लाल डोक्याची टाचणी बोलतेय. राहणार घाटकोपर. पण त्याआधी मी वेंगुर्ल्यालाही राहून आलेय, आणि तीच खरी मजा आहे.

तारेचा एक तुकडा, एका टोकाला धार, दुसऱ्याला लाल मणी, असा माझा जन्म. माझ्या चुलतबहिणी कागद टाचायला गेल्या आणि कारकुनी करता करता गंजल्या. माझं नशीब थोर. पार्ल्याच्या डॉक्टर नलिनीबाईंनी आमची डबी विकत घेतली आणि दवाखान्यातल्या भारताच्या नकाशाखाली ठेवली.

बाईंना एकच वेड. एमएस नावाचा आजार असतो. मेंदूतल्या आणि कण्यातल्या नसांवरचं आवरण खराब होतं. मग कधी डोळ्यांपुढे धुकं येतं, कधी पाय बधिर होतात. थंड देशांत तो जास्त, असं बाईंची पुस्तकं सांगत. मग आपल्या एवढ्या मोठ्या देशात तो कुठे जास्त, कुठे कमी? एमएसचा पेशंट आला की बाई विचारत, "कुठले तुम्ही?" उत्तर मिळालं की नकाशात खच्चकन एक टाचणी.

चौऱ्याऐंशी साली रत्नप्रभा आली. टेलिफोन ऑफिसात नोकरीला, हातात काठी. बसता बसता म्हणाली, "डॉक्टर, हे पाय माझेच आहेत ना बघा जरा. माझं ऐकतच नाहीत!" मला ती तिथेच आवडली.

"कुठले तुम्ही?"

"वेंगुर्ल्याचे," तिच्या वडिलांनी, दशरथरावांनी, छाती फुगवून सांगितलं.

झालं, मी वेंगुर्ल्यात. आजूबाजूला बघते तर देवगड, मालवण, कणकवली, जिकडेतिकडे माझ्या बहिणी! बाई खूश. कोकणात नक्की काहीतरी आहे, असं त्या ज्याला त्याला सांगू लागल्या.

निघताना रत्नप्रभाने हळूच विचारलं, "मला गावी जाता येईल ना?" भाऊबंदकीपायी त्यांचं गाव वर्षानुवर्षं सुटलं होतं. आता काका-बाबांचा समेट झाला होता, आणि पाय चालताहेत तोवर तिला घरामागचा समुद्र बघायचा होता. बाई म्हणाल्या, "जा की. फक्त थंडीत जा, उकाडा तुला सोसायचा नाही."

पुढच्या खेपेला दशरथराव नकाशापुढे उभे राहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. लेकीला म्हणाले,

"बघलंस? आमच्या बाजूक नुसत्यो लाल टाचण्यो! थंयच्या पाण्यानच माझ्या चेडवाची वाट लावली. आता गावाचा नाव काढू नको!"

माझ्यामुळे रत्नप्रभाचा समुद्र गेला, या विचाराने मला रडूच आलं असतं. पण पोरगी गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"बाबा, काय पण बोलता! तिथलं पाणी मी प्यायलेय कधी? बारशाला नेलंत, ते शेवटचं. शाळा घाटकोपर, नोकरी घाटकोपर, आजारही घाटकोपरचाच!"

बाई ताडकन उठल्या. "अहो, मग वेंगुर्ला का सांगितलंत?"

"कोकणातल्या माणसाक कुठलो म्हणान विचारलात, तर तो गावच सांगतलो!"

बाईंनी कपाळावर हात मारला आणि इतक्या हसल्या की कंपाउंडर धावत आला. मग आठवडाभर त्यांचे फोन चालले: "लहानपण कुठे गेलं तुमचं?" माझ्या बहिणी भराभर मुलुंड, चेंबूर, बोरिवलीला आल्या. कोकण जवळजवळ ओस पडलं. मुंबईत ही गर्दी! बाई म्हणाल्या, "यावरही लगेच भुलायला नको. तपासणारे आम्ही इथेच बसलोय ना, मग पेशंटही इथलेच सापडणार." आणि दशरथरावांना त्यांनी ठणकावून सांगितलं, की पाण्याने हा आजार होतो असं कुणीही सिद्ध केलेलं नाही.

मला उपटून घाटकोपरला लावल्यावर वेंगुर्ल्याला भोक राहिलं. बाई त्यावर कागद चिकटवायला निघाल्या, तर रत्नप्रभा म्हणाली, "राहू दे डॉक्टर. तेवढीच समुद्राची हवा येईल."

आता माझा मणी फिकटलाय, पण मी मजेत आहे. नकाशात अजून मोठाल्या जागा रिकाम्या आहेत. तिथे आजार नाही असं समजू नका; कदाचित तिथे कुणी विचारलंच नसेल. तेवढं विचारा. आणि माणूस वाढलं कुठे, हेही विचारा. गावाबद्दल विचारणार असाल तर मात्र खुर्ची ओढून बसा.

आणि हो, त्याच थंडीत रत्नप्रभा वेंगुर्ल्याला जाऊन आली. उन्हाने रापलेली, काठी तशीच हातात.

"डॉक्टर, बाबांचा हात धरून पाण्यात उभी राहिले. पाय बधिरच होते हो, पण लाट आलेली कळली!"